सहा कडांचं नरसाळं : कागदाचा क्युपोला नेमका कुठे फसतो

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला आणि सोबतचे फोटोही मोठे करून पाहिले. लेक आठवीत, शहाद्याला. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचा क्युपोला, म्हणजे तो सात खिडक्यांचा घुमट, कागदाचा करायचा आहे. दोनदा करून झाला. पहिल्यांदा घुमट फोटोपेक्षा बसका आला. दुसऱ्यांदा सहावी बाजू पहिलीला भिडेना, आणि खालचं गोल कडं अंड्यासारखं लांबुळकं झालं. आता तुम्ही विचारताय, गोंद बदलून पाहू का?

गोंद बदलू नका. गोंदानं काहीच बिघडवलेलं नाही. तिन्ही चुका कात्री हातात घेण्याआधीच्या आहेत, पेन्सिलीच्या. पोरीचा हात चांगला आहे, दुसऱ्या फोटोतल्या कडा बघूनच कळतं.

आधी माझं थोडं सांगतो, म्हणजे मी हे कुठून बोलतोय ते लक्षात येईल. मी आयटीआयमध्ये पत्राकाम शिकवायचो. आपल्याकडे पत्र्याचं काम म्हणजे कूलरच्या बॉड्या, धान्याच्या कोठ्या, डबे आणि नरसाळी. निवृत्तीनंतर नातवाच्या शाळेच्या निमित्तानं कागदाकडे वळलो आणि तिथेच रमलो. स्थानकाचे झारिया, युनिटी, डेस्टिनी हे भाग करून झाले, आणि क्युपोला तर दहा-बारा वेळा. पहिला क्युपोला ओट्यावर वाळत ठेवला होता, तेव्हा शेजारच्या आजी म्हणाल्या, "भाऊ, हाई नरसायं शे का?" हसू आलं, पण त्यांनी एका वाक्यात सगळं सांगून टाकलं होतं. क्युपोला म्हणजे सहा कडांचं उलटं नरसाळंच आहे, आणि नरसाळं कागदावर उलगडता आलं की निम्मं काम संपलं.

खरी वस्तू काय आहे ते आधी पोरीला नीट समजू द्या, कारण मॉडेलमध्ये काय दाखवायचं आणि काय लपवायचं ते त्यावरच ठरतं. क्युपोला युरोपीय अंतराळ संस्थेसाठी इटलीत तुरिनला बनला. इटालियन भाषेत त्या शब्दाचा अर्थच घुमट. २००४ मध्ये तो फ्लोरिडात पोहोचला, पण त्याच्या आदल्याच वर्षी कोलंबिया यानाचा अपघात झाला होता आणि शटलची उड्डाणं रखडली होती. शेवटी ८ फेब्रुवारी २०१० रोजी एंडेव्हर यानातून, ट्रँक्विलिटी नावाच्या भागासोबत, तो वर गेला. (खऱ्या क्युपोलानं गोदामात पाचेक वर्षं काढली. तुमच्या लेकीला गोंद वाळेपर्यंत एक रात्र थांबायला सांगा!) व्यास सुमारे २.९५ मीटर, उंची सुमारे १.५ मीटर, वजन १.८ टनांच्या आसपास. सहा बाजूंना सहा चौकोनी खिडक्या, वर रुंदी कमी आणि खाली जास्त अशा, आणि माथ्यावर ८० सेंटीमीटर व्यासाची गोल खिडकी. प्रत्येक खिडकीला काचेचे चार थर आहेत. आतून ओरखडे पडू नयेत म्हणून एक, हवेचा दाब पेलायला दोन, आणि बाहेरून येणारा कचरा झेलायला एक.

आता कारागिराच्या कामाची गोष्ट. हा घुमट ॲल्युमिनियमच्या एकाच घडाईचा आहे, त्याला वेल्डिंगचा सांधा नाही. म्हणजे तुमच्या मॉडेलवर बाहेरून सांधा दिसला की जाणकाराच्या डोळ्याला तो खटकणार. म्हणून चिकटवायच्या सगळ्या पाकळ्या आतल्या अंगाला घ्यायच्या आणि एकमेव उरणारा सांधा खिडकीच्या चौकटीच्या पट्टीखाली दडवायचा. तुमच्या दुसऱ्या मॉडेलमध्ये सहा बाजू सहा वेगळ्या तुकड्यांच्या आहेत, म्हणजे सहा सांधे आणि सहा ठिकाणी चुकायची सोय. पूर्ण घुमट एका कागदातून काढा.

प्रमाण १:२० घ्या. कागदी मॉडेल करणारे बरेच जण १:१०० घेतात. तेव्हा पूर्ण स्थानक, जे १०९ मीटर लांब आहे, ते टेबलावर १०९ सेंटीमीटरमध्ये बसतं. पण त्या प्रमाणात क्युपोला तीन सेंटीमीटरचा, कोटाच्या मोठ्या बटणाएवढा होतो. प्रदर्शनात चार पावलांवरून बघणाऱ्याला त्यात खिडक्या कुठल्या दिसायला? १:२० मध्ये व्यास १४७.५ मिलिमीटर, उंची ७५ आणि माथ्याची खिडकी बरोबर ४०. ओंजळीत मावेल एवढी वस्तू होते आणि कड्याची पट्टी सोडली तर तिचा प्रत्येक भाग ए-फोर कागदावर बसतो.

या ७५ मिलिमीटरची वाटणी मी अशी करतो : घुमट ४० चा, खालचं कडं ३५ चं. घुमटाच्या माथ्याचा षटकोन ३० मिमी कडेचा आणि पायाचा षटकोन ६० मिमी कडेचा. माथ्याच्या षटकोनात ४० ची गोल खिडकी काढली की चहूबाजूंनी सहा-सहा मिमीची चौकट उरते. हे आकडे मी फोटोवर पट्टी ठेवून बसवलेले आहेत, मॉडेलसाठी सोयीचे. सोयीचे का, ते आता बघा.

बाजूचा एक तुकडा काढायचा आहे. वर ३० रुंद, खाली ६० रुंद. उंची किती घ्याल? तुमच्या लेकीनं ४० घेतली असणार. घुमट ४० मिमी उंच, म्हणून तुकडाही ४० मिमी. दहातले नऊ जण हेच करतात, माझे आयटीआयचे पोरगेही करायचे. पण तुकडा उभा नाही ना, तो कलता आहे. छपराचा पत्रा कापताना भिंतीची उंची मोजून चालत नाही, उतार मोजावा लागतो, तसंच हे. षटकोनाच्या मध्यापासून कडेच्या मध्यापर्यंतचं अंतर कडेच्या ०.८६६ पट असतं. म्हणजे पायाला ते ५२ आणि माथ्याला २६ भरतं. बाजू वर जाता जाता आत २६ मिमी सरकते. आता काटकोन त्रिकोण झाला : उभी बाजू ४०, आडवी २६, आणि पायथागोरसनं उतार येतो ४७.७. ही तुकड्याची खरी उंची. त्याऐवजी ४० घेतले तर सहा तुकडे एकमेकांना जुळतात, चिकटतात, सगळं ठीक दिसतं, पण घुमट उभा राहतो फक्त ३०.४ मिमी. जवळजवळ एक सेंटीमीटर बसका! पहिल्या फोटोतला घुमट हाच.

आता त्या आकड्यांची गंमत. घुमटाची कोपऱ्यातली तिरपी कड किती लांब? षटकोनात मध्यापासून कोपऱ्यापर्यंतचं अंतर कडेएवढंच असतं, म्हणजे पायाला ६० आणि माथ्याला ३०. आत सरकणं ३०, उंची ४०, म्हणून तिरपी कड ५०. तीन-चार-पाचचा त्रिकोण, गवंडी काटकोन धरायला दोरीला गाठी मारतो तोच. त्यामुळे तपासणी सोपी : कापायच्या आधी प्रत्येक तिरपी कड मोजा, ५० भरली पाहिजे. प्रत्येक तुकड्याचे दोन्ही कर्णही मोजा, दोन्ही ६५.६ भरले पाहिजेत. एक कमी आणि एक जास्त आला तर तुकडा कललेला आहे, त्याला वरून कितीही दाबलं तरी तो सरळ होणार नाही.

आणि आता नरसाळ्याची युक्ती, जी मी पत्र्यावर आयुष्यभर वापरली. ६० ची कड ५० मिमीच्या अंतरात ३० झाली, म्हणजे आणखी ५० मिमी वर नेली तर शून्य होईल. सहाही बाजू वर वाढवल्या तर त्या एका टोकाला भेटतात आणि ते टोक पायाच्या कोपऱ्यांपासून बरोबर १०० मिमीवर असतं. त्यामुळे सहा वेगळे तुकडे मोजत बसायची गरजच नाही. ए-फोर कागद आडवा घ्या. कंपासनं एकाच मध्यबिंदूतून दोन कमानी मारा, एक १० सेंटीमीटर त्रिज्येची आणि एक ५ ची, दोन्ही अर्ध्या वर्तुळापेक्षा थोड्या मोठ्या. मग कंपास ६ सेंटीमीटर उघडून बाहेरच्या कमानीवर सहा पावलं टाका. सात खुणा मिळतील. प्रत्येक खूण मध्यबिंदूला जोडा, आतल्या कमानीवरचे बिंदू आपोआप मिळतात. खुणा एकमेकींना सरळ रेघेनं जोडा. जपानी पंख्यासारखा आकार दिसेल, तोच तुमचा घुमट, उलगडलेला.

इथे दोन गोष्टींकडे लक्ष. एक, कापायचं ते सरळ रेघांवरून. कमानीवरून कापलं तर घुमटाचा पाया पोटासारखा फुगतो. दोन, पावलं टाकताना कंपास जरासा जरी सैल असला, प्रत्येक पावलाला अर्धा मिमी गेला, की सहाव्या पावलाला तीन मिमीचा खड्डा. तुमच्या दुसऱ्या मॉडेलची सहावी बाजू याच हिशेबानं उघडी राहिली. तुकडे वेगळे होते, पण प्रत्येकात अर्धा अर्धा मिमी कमी होता आणि तो सगळा शेवटच्या फटीत जमा झाला. चूक पसरलेली असते, दिसते मात्र शेवटी. पंख्यासाठी एक खात्रीची तपासणी सांगतो. पहिल्या आणि सातव्या खुणेमधलं सरळ अंतर मोजा, ते १९३.४ मिमी आलं पाहिजे. जराही फरक दिसला तर रबर घ्या आणि पुन्हा पावलं टाका. तीनदा टाकावी लागली तरी चालेल, कागद अजून शाबूत आहे.

कॉम्प्युटरवर काढून झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट घेणार असाल तर आणखी एक खोड लक्षात ठेवा. दुकानातलं मशीन बहुतेक वेळा पान 'मावेल असं' छोटं करून छापतं. दिसायला काही फरक नाही, पण सगळी मापं दोन-चार टक्क्यांनी खाली. कोपऱ्यात १०० मिमीची एक रेघ काढून ठेवा आणि प्रिंट हातात आल्यावर दुकानातच पट्टी लावा. ९७ भरली तर तिथेच परत छापून घ्या, घरी येऊन कळलं की चिडचिड होते.

कागद. घुमटाला २५० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला २५० ग्रॅम भरणारा) आयव्हरी कागद पुरे. पैसे खर्च करायचे नसतील तर घरातल्या जुन्या लग्नपत्रिका काढा. खानदेशातल्या कुठल्याही घरात एका लग्नसराईनंतर उत्तम जाड कागदाचा गठ्ठा साठलेला असतो, मागची बाजू कोरी. चौकटी आणि झडपांसाठी (खिडक्यांवरची बाहेरची झाकणं) मी तोच वापरतो. (एरंडोलचा हातकागद एके काळी नावाजलेला होता. आपण पत्रिकांवर आलोय, असो.) कागदाला लाकडासारखे तंतू असतात आणि ते बहुतेक एकाच दिशेला पडलेले असतात. तुकडा हातात धरून आधी उभा वाकवा, मग आडवा. ज्या बाजूनं सहज वाकतो ती तंतूंची दिशा. घडी तंतूंच्या दिशेनं नितळ पडते, आडवी घातली की फुटते. पंख्यातल्या रेघा सगळ्या दिशांना जातात, त्यामुळे सहाच्या सहा घड्या काही मनासारख्या मिळणार नाहीत. ते मान्य करायचं आणि घडीच्या रेघेवर आधी चांगली खोबण पाडायची. स्टीलची पट्टी आणि संपलेली बॉलपेनची रिफिल यांच्याइतकं चांगलं हत्यार नाही. रेघ दोन-तीनदा दाबून ओढा, खोबण बाहेरच्या अंगाला राहू द्या. काही जण कटरनं कागद अर्धा चिरतात. आपल्याकडच्या कोरड्या थंडीत तो चीर गेलेला कागद प्रदर्शनाच्या दिवशीच उघडतो, मी भोगलंय.

घडी किती घालायची? षटकोन म्हणून सगळे ६० अंश घालतात. पण बाजू कलत्या असल्यामुळे शेजारच्या दोन बाजूंमधली घडी साधारण ५० अंशांचीच असते, आणि माथा व बाजू यांच्यामधली ५७. जास्त वाकवलं की घुमट सतत उघडायचा प्रयत्न करतो आणि दोष गोंदाला लागतो. पुठ्ठ्याचा १३० अंशांचा (१८० वजा ५०) एक कोन कापून ठेवा आणि प्रत्येक घडी त्यात बसवून पाहा. पत्रेवाले याला फर्मा म्हणतात. आणखी एक फर्मा हवाच : ५९.५ मिमी कडेचा, जाड पुठ्ठ्याचा षटकोन, मध्ये मोठं भोक पाडलेला. तो घुमटाच्या पायात आतून बसवायचा. कागदाच्या जाडीसाठी अर्धा मिमी सोडलाय. हा षटकोन आत नसेल तर घुमट हातात धरताक्षणी डुगडुगतो.

घडी घालण्याआधी, कागद सपाट असतानाच, खिडक्या कापून घ्या. बाजूच्या खिडक्यांचे कोपरे खऱ्या क्युपोलात गोलसर आहेत, आणि कटरनं गोल कोपरा कापायला गेलं की तो कुरतडल्यासारखा होतो. ऑफिसच्या पंच मशीननं चारही कोपऱ्यांत आधी भोकं पाडा, मग भोकांच्या कडा सरळ रेघांनी जोडून कापा. कोपरे सगळे एकसारखे येतात. जिथे मशीन पोहोचत नाही तिथे चपला शिवणाऱ्या कारागिराचा पंच मागून आणा, दोन मिनिटांचं काम. माथ्याचं ४० चं वर्तुळ कापताना कटर जागेवर धरायचा आणि कागद फिरवायचा, उलटं नाही. एका झटक्यात आरपार जायचं नाही. चार फेऱ्यांत हळूहळू.

काचेला जुनी ओएचपी शीट (प्रोजेक्टरवर ठेवायचे ती पारदर्शक शीट) किंवा शर्टाच्या खोक्याची पारदर्शक पट्टी चालते. फेविकॉल प्लास्टिकला धरत नाही, आणि झटपट चिकटणाऱ्या गोंदानं पारदर्शक शीटवर पांढरं धुकं येतं, जे मग पुसलं जात नाही. दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप बारीक कापून लावा. खिडकीला खोली दिसावी म्हणून आतून आणि बाहेरून मिळून तीन चौकटी एकावर एक लावा, प्रत्येक आधीच्यापेक्षा मिमीभर अरुंद. चार थरांची काच करायची गरज नाही, पण माहितीच्या फळ्यावर ते लिहा. आणि पोरीला आवडेल अशी एक खूण सांगतो. २०१६ मध्ये क्युपोलाच्या एका काचेवर ७ मिमीचा टवका दिसला होता, रंगाचा कपचा किंवा धातूचा बारीकसा कण आदळून झालेला. आपल्या प्रमाणात तो येतो ०.३५ मिमी, म्हणजे सुईनं हलकंसं टोचलं तर बरोबर तेवढा. एका खिडकीवर टोचून ठेवा. कोणी विचारलं की सांगायला गोष्ट मिळते, आणि झडपा कशासाठी आहेत हेही त्यातूनच निघतं.

आता कडं, तुमचं अंड्यासारखं झालेलं. कागदाची पट्टी गोल वळवून टोकं चिकटवली की ती कधीच गोल होत नाही. सांध्यापाशी कागद दुप्पट जाड, म्हणून तिथे तो वळत नाही, आणि बाकीचं लांबट होतं. कूलरच्या पंख्याचं गोल तोंड असंच बिघडतं. उपाय एकच, आतून गोल चकत्या. मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा दोन-तीन थर चिकटवून १४६ मिमी व्यासाच्या तीन चकत्या करा, वर, मध्ये आणि खाली. मधून भोक पाडा, म्हणजे आतलं दिसेल. त्यांच्याभोवती ३५ मिमी रुंदीची पट्टी गुंडाळायची. पट्टीची लांबी ४६० च्या आसपास लागते आणि ए-फोर कागद २९७ चा, त्यामुळे ती दोन तुकड्यांची होणार. मग दोन थर द्या आणि वरच्या थराचे सांधे खालच्या सांध्यांच्या मधोमध येऊ द्या. वरचा थर खालच्यापेक्षा सुमारे दोन मिमी लांब लागतो. कागद एक तृतीयांश मिमीही जाड नाही, तरी घेरात एवढा फरक पडतो. म्हणून लांबी गणितानं काढू नका, गुंडाळून खूण करा आणि मग कापा. पट्टीत तंतू आडवे, म्हणजे कड्याच्या उंचीच्या दिशेनं असू द्या. गुंडाळण्याआधी पट्टी टेबलाच्या कडेवरून दोनदा ओढून घ्या, तिला वळण लागतं.

गोंद फेविकॉलच, पण टूथपिकच्या टोकावर मावेल एवढा. जास्त लावला तर कागद पाणी पितो आणि फुगतो. ग्लू गन अजिबात नको. गरम गाडीत किंवा उन्हातल्या मांडवात तो गोंद मऊ पडतो आणि झडपा एकेक करून लोंबायला लागतात.

वाळवण्याबद्दल एक अनुभव. मे महिन्यात, पारा ४४ वर असताना, मी एक पूर्ण मॉडेल रात्री कूलरसमोर वाळत ठेवलं. वाटलं, वारा लागेल. सकाळी सातही झडपा केळीच्या पानासारख्या वळलेल्या. कूलरचा वारा ओला असतो हे मला, ज्यानं एवढे कूलर बनवले त्याला, आठवू नये! मॉडेल पंख्याखालीही नको. झडपा पुस्तकाखाली आणि मॉडेल बंद खोलीत, रात्रभर. आणि पावसाळ्यात केलेलं कडं हिवाळ्यात थोडं आखडतं, म्हणून वेळ असेल तर सगळं काम एकाच ऋतूत उरका.

झडपा सात. खऱ्या क्युपोलात त्या आतून मूठ फिरवून उघडतात आणि पाकळ्यांसारख्या बाहेर येतात. बाजूच्या झडपा खिडकीपेक्षा थोड्या मोठ्या, दोन पत्रिकांचे कागद एकमेकांवर चिकटवून. बिजागरीला जुन्या सुती कापडाची बारीक पट्टी कागदापेक्षा जास्त टिकते. सगळ्या उघड्या ठेवू नका, दोन बंद ठेवा, म्हणजे बघणाऱ्याला झडप ही झडप आहे हे कळतं.

रंग पाण्याचा देऊ नका, कागद वाकडा होतो. रंगीत कागदच चिकटवा, मळकट पांढरा आणि राखाडी. आणि कृपा करून सोनेरी चमकी लावू नका. प्रदर्शनातलं प्रत्येक यान सोनेरी असतं, तुमचं नसलं तर उलट उठून दिसेल.

आत एक माणूस ठेवा. एवढा एकच तपशील सगळं प्रमाण समजावून देतो. १.७ मीटर उंचीचा माणूस १:२० मध्ये ८५ मिमी होतो, म्हणजे तुमच्या पूर्ण मॉडेलपेक्षा उंच! पोरीला हे कापून बघितल्यावरच कळेल की क्युपोलात माणूस ताठ उभा मावत नाही, डोकं आणि खांदे आत घालून तरंगतो, आणि दोन जण दाटीवाटीनं बसतात. २०२५ च्या जून-जुलैत शुभांशु शुक्ला स्थानकावर होते, त्यांचा क्युपोलातला फोटो बहुतेक मुलांनी पाहिलाय. त्यावरून आकृती काढायला सांगा. आतला एक कोपरा नियंत्रणाच्या फळीसाठी ठेवा. कॅनडाआर्म-२ हा १७ मीटरहून लांब यांत्रिक हात तिथून चालवतात.

शेवटी मांडणी. तुमच्या फोटोत घुमट टेबलावर ठेवलाय, माथा वर, थाळनेरच्या फारुकी कबरींच्या घुमटांसारखा. खरा क्युपोला ट्रँक्विलिटीच्या पृथ्वीकडच्या तोंडाला बसवलेला आहे, म्हणजे त्याची गोल खिडकी खाली बघते. मॉडेल उलटं टांगा. खाली पृथ्वीचा निळा-पांढरा गोल ठेवला तर उत्तम, नाहीतर निळा कागदही चालेल. परीक्षक विचारतील, किती उंचीवर? भुसावळहून रेल्वेनं मुंबई जितकी लांब, जवळपास तितकंच वर, चारशे किलोमीटरच्या आसपास. आणि वेग इतका की भुसावळ ते जळगाव अंतर तीन-साडेतीन सेकंदांत. हे आकडे आपल्या गावांच्या अंतरात सांगितले की तिलाही पाठ करावे लागत नाहीत.

टांगायला सुती दोरा घेऊ नका. त्याचा पीळ सुटत राहतो आणि मॉडेल दिवसभर स्वतःभोवती फिरतं, सुईचा टवका दाखवायच्या वेळी नेमकी ती खिडकी पलीकडे गेलेली असते. मासे पकडायची नायलॉनची तार, तीन ठिकाणी बांधलेली. एसटीनं नेताना तार काढून घ्या आणि मॉडेल खोक्यात चुरगळलेल्या वर्तमानपत्रात माथा वर करून बसवा, झडपांवर वजन येऊ देऊ नका.